मुदत वाढवता येणार नाही

ग्रंथालयात सुधारणा व्हायची असली की आधी नोटीस लागते, मग धूळ उडते, मग चहाचं मशीन बंद पडतं, आणि लोकांचा जीव पुरता मेटाकुटीला आला की सुधारणा होते. आमच्या विद्यापीठातही तसंच झालं. नोटिशीखाली सही माझी होती, कारण ग्रंथालयाचा संगणक विभाग माझ्याकडे. त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याच्या.

सुधारणा साधी होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिप चिकटवायची. नखाएवढी, कागदासारखी पातळ. पुस्तक रीतसर नोंदवून नेलं तर दारातलं गेट मुकाट राहणार, नाहीतर बोंबलणार. मुदतीची आठवण वाचकाच्या फोनवर जाणार. आपल्याला हवं असलेलं पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर त्यावर मागणी नोंदवून ठेवायची. अशी मागणी असली की आधीच्या वाचकाला मुदत वाढवून मिळणार नाही. आणि मागितलेलं पुस्तक कायमचं बाद झालंच, तर मागणी वाया न जाता त्याच्यासारख्याच दुसऱ्या पुस्तकाकडे आपोआप वळणार. ही शेवटची सोय माझ्या डोक्यातली. बैठकीत कुलगुरूंनी तिचं कौतुक केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियतकालिक विभागाच्या बाईंनी तेवढा हात हलवला नाही.

नियतकालिक विभागाच्या बाई म्हणजे माझी नणंद.

नवऱ्याची मोठी बहीण. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. त्या माझ्या आधीपासून या ग्रंथालयात, आणि माझ्या आधीपासून आमच्या घरात, मागच्या उजेडाच्या खोलीत. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने नांदत नाहीत असं म्हणतात. आम्ही तर दोन छपरांखाली एकत्र होतो, घरी आणि कामावर, त्यामुळे भांडणाला सुटीचा वारच उरला नव्हता. मला बढती मिळाल्यापासून त्या मला ‘बाईसाहेब’ म्हणायच्या. ‘बाईसाहेब, भाजी चिरून ठेवलीय.’ ‘बाईसाहेब, तुमच्या मशीनने पुढच्या महिन्याचं मासिक परत मागितलंय, अजून छापूनही आलं नाही ते.’ वर हसायच्या.

पुस्तकांवर मात्र त्यांची माया होती, हे मला मान्य करायलाच हवं. बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा वाचक दिसला की त्या त्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहायच्या. “जीभ घरी ठेवून येत जा,” म्हणायच्या. कुणी पानाचा कोपरा दुमडला असेल तर नखाने तो पुन्हा पुन्हा सरळ करत बसायच्या. आमची मुलगीही तशीच. हुबेहूब आत्यावर गेलीय. तीच जिवणी, वाचताना मान वाकडी करायची तीच खोड. ‘काय गं, आत्याच्या पोटची की काय!’ असं पाहुणे म्हणायचे. मला ते कधीच आवडलं नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर ताईंचं लग्न ठरलं. गृहस्थ दुसऱ्या गावचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या घरात त्यांचं नाव लगेच ‘पोस्टमास्तर’ पडलं. नोंदणी कचेरीत सही करायची आणि त्याच दिवशीच्या गाडीने त्यांच्या गावी जायचं, असा बेत होता. ताईंनी नोकरीचा राजीनामा दिला. मी मागच्या खोलीच्या पडद्याचं माप घेतलं. मुलीला अभ्यासाला अखेर स्वतःची खोली मिळणार होती, आणि मला माझं घर.

तोवर चिपा चिकटवायचं काम सरत आलं होतं. सुटीभर आम्ही सगळे तेच करत होतो. हाताला डिंकाचा वास यायचा तो साबणानेही जात नसे.

गेट सुरू झालं त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आम्ही सगळे निघालो होतो. ताई गेटमधून गेल्या आणि गेट बोंबललं.

“काय बाई, जाता जाता काय पळवताय?” दारावरचा गार्ड म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. ताईंनी पर्स उलटी केली, स्वेटर काढून दिला, चपला काढल्या. एखादी चिप कपड्याला चिकटली असणार, असं मी म्हटलं, आणि मला खरोखर तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्या धुतलेले कपडे घालून, रिकाम्या हाताने आल्या. जाताना गेट पुन्हा बोंबललं.

मी हातातला स्कॅनर घेऊन त्यांना प्रसाधनगृहात नेलं आणि डोक्यापासून फिरवायला सुरुवात केली. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये तो वाजायला लागला. कॉलर खाली ओढून पाहिलं तर कातडी स्वच्छ. चिप नाही, डाग नाही, ओरखडा नाही. फक्त तेवढी जागा गुळगुळीत होती. बोट लावलं तर गार लागली. जवळून बरेच दिवस बंद असलेल्या कपाटाचा वास आला.

“काय आहे गं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.

स्कॅनरच्या पडद्यावर नोंद उमटली होती. नाव: कोरं. लेखक: कोरं. वर्ष: ताईंच्या जन्माचं. जागा: तळघर, शेवटचा रॅक. स्थिती: उपलब्ध.

आमच्या तळघरातले रॅक चाकांवरचे आहेत. बाजूचा दांडा फिरवला की ते सरकतात आणि मध्ये माणूस शिरेल एवढी वाट होते. शेवटचा रॅक भिंतीला चिकटून अडकलेला आहे. त्याचा दांडा फिरत नाही. त्याच्यावर पुस्तकं आहेत की नाहीत, हे आता नोकरीत असलेल्या कुणालाच माहीत नाही.

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. “चुकीची नोंद शिरली असेल मॅडम, पुढच्या अपडेटमध्ये निघून जाईल,” तो म्हणाला. मला ते पटलं. संगणकात काहीही शिरतं आणि बहुतेक वेळा ते पुढच्या अपडेटमध्ये निघून जातं.

अपडेट आलं. त्याने ती नोंद गेली नाही. उलट गेटला काचेच्या झडपा होत्या, त्या चालू झाल्या. आता गेट नुसतं ओरडत नव्हतं, मिटतही होतं. त्या संध्याकाळी ताई गेटजवळ आल्या आणि झडपा मिटल्या. गार्डने वैतागून गेटची वीजच बंद केली, झडपा हाताने बाजूला सारल्या. “जा बाई आता.”

ताई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

“चला ना,” मी म्हटलं. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

“पाय उचलत नाहीये गं.”

मागच्या दारानेही तेच. त्या दारापर्यंत नीट चालत जायच्या आणि तिथे थांबायच्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, शरमच जास्त होती. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याने बहिणीला आधी समजावलं, मग रागे भरला, मग दंड धरून बाहेर ओढलं. तेव्हा त्यांच्या पाठीतून आवाज आला. जुन्या पुस्तकाची शिवण उसवताना येतो तो. मी तो आवाज ओळखते. नवऱ्याने हात सोडला आणि तो तिथेच पायरीवर बसला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. ग्रंथालयात मोठ्याने बोलायची सवयच नव्हती त्यांना.

“मॅडम,” गार्ड म्हणाला, “मग इश्यूच करून टाका की त्यांना.”

तो चेष्टेत म्हणाला होता. पण घरी जायची घाई सगळ्यांनाच होती. मी माझं कार्ड देवघेवीच्या यंत्रावर ठेवलं, ताईंना पाठमोरं उभं केलं आणि मानेखाली स्कॅनर लावला. यंत्र नेहमीसारखं टुंग वाजलं. हिरवा दिवा लागला. मुदत पंधरवड्याची.

ताई दारातून सहज बाहेर पडल्या, जशा इतकी वर्षं पडत होत्या.

“मनाचा खेळ आहे सगळा,” मी वाटेत नवऱ्याला सांगितलं. “इतक्या वर्षांची नोकरी सुटतेय, मन घेत नसेल. हिरवा दिवा दिसला, गाठ सुटली.” ताई आमच्या दोन पावलं पुढे चालत होत्या आणि सारखा मानेमागे हात नेत होत्या.

पंधरवडा बरा गेला. ताईंनी ट्रंक भरली. लग्नासाठी मोरपंखी रंगाचा, पुढे बटणांची रांग असलेला पायघोळ पोशाख शिवून घेतला. पोस्टमास्तर फोनवर रोज तेच विचारायचे, “सामान फार नाही ना?” आणि त्या रोज तेच सांगायच्या, “मी एकटीच आहे हो, सामान कसलं!” मुलगी त्यावरून त्यांना चिडवायची. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मात्र त्या जेवताना मध्येच थांबून दाराकडे बघू लागल्या. कुणीतरी हाक मारल्यासारख्या.

मुदतीच्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर संदेश आला: आपण नेलेले साहित्य आज परत करावे. मला मनातून हसू आलं. सोय आपणच केलेली. मी मुदत वाढवायचं बटण दाबलं.

‘या साहित्यासाठी दुसऱ्या वाचकाची मागणी आहे. मुदत वाढवता येणार नाही.’

मी मागणी उघडून पाहिली. वाचकाचं नाव: कोरं. कार्ड क्रमांक: कोरा. साहित्य कुठे घेणार: तळघर, शेवटचा रॅक.

अशी जागा आम्ही त्या यादीत कधी घातलेलीच नव्हती. मागितलेली पुस्तकं काउंटरवरच ठेवतात. मी मान वर केली आणि ताईंना हाक मारली. खोली रिकामी होती. अंथरुणाची घडी घातलेली होती. रस्त्यावर गर्दीही नव्हती इतक्या सकाळी मी ग्रंथालयापाशी पोचले, तर त्या घरातल्या सपाता घालून बंद दारासमोर उभ्या होत्या. कपाळ काचेला टेकलेलं. गार्डने दार उघडलं तशा त्या आत गेल्या आणि कुणाकडे न बघता तळघराचा जिना उतरू लागल्या.

त्यानंतर त्या बाहेर आल्या नाहीत.

दिवसा आपल्या जागेवर बसायच्या. मासिकं लावायच्या, वाचकांशी बोलायच्या. साठा तपासणीचं काम संपवायचंय म्हणून इथेच राहतात, असं मी कार्यालयात सांगितलं आणि कुणी जास्त चौकशी केली नाही. जो तो आपापल्या अपडेटच्या गोंधळात. नवरा डबा आणायचा. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली की त्या स्वतःच उठून खाली जायच्या. मी दुसऱ्याच्या कार्डावर त्यांना इश्यू करून पाहिलं. यंत्राने नकार दिला. आधी ज्याची मागणी, त्यालाच मिळणार. नियम बरोबर होता.

पहिल्या सकाळी त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या कानाची पाळी दुमडलेली होती. जखम नाही, सूज नाही. नुसती घडी. बोलता बोलता त्यांनी सवयीने ती नखाने सरळ केली. ती पुन्हा दुमडली.

“खाली कोण असतं ताई?”

“दिसत नाही गं. रॅकच्या मागून हात येतो. बोट तेवढं कळतं.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “ओलं असतं. ओलं करतं आणि पाठीवरून फिरवतं, मग थांबतं. मग पुन्हा ओलं करतं.”

मला शिसारी आली. मी त्यांची कॉलर खाली ओढली. पाठीवर बारीक राखाडी रेघा होत्या, एकाखाली एक, पेन्सिलीने ओढतात तशा. कुणीतरी महत्त्वाचं वाटलं त्याखाली खूण केली होती. साबणाने त्या गेल्या नाहीत. शेवटी मी टेबलावरचं खोडरबर घेतलं. त्याने गेल्या. ताई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. दुसऱ्या सकाळी रेघा पुन्हा होत्या, जास्त गडद.

नवऱ्याला हे सगळं अजून आजारपणच वाटत होतं. बहिणीला बरं वाटावं म्हणून तो डबा खाताना लहानपणच्या गोष्टी काढायचा. एकदा म्हणाला, “आई तुझ्या वेण्या किती घट्ट घालायची, आठवतं? डोळे ओढले जायचे तुझे.”

ताईंनी घास खाली ठेवला.

“कुणाची आई रे?”

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा. मग त्याने विचारलं, शाळा आठवते? बाबांची सायकल? आपण राहायचो ते घर? प्रत्येक प्रश्नाला त्या पाहुण्याकडे बघतात तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आठवत होतं ते थेट नोकरी लागल्यापासूनचं.

“तेवढं त्याचं वाचून झालंय,” त्या मला नंतर म्हणाल्या. “वाचून झालं की माझ्याजवळ राहत नाही. घाई नाही करत तो. पण रोज वाचतो.” मग माझा हात धरला. त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. “लग्न परवावर आलंय. त्या माणसाची ओळख तर अगदी शेवटच्या पानांवरची. ती तरी राहू दे. तू करू शकतेस. तुझंच आहे ना हे सगळं?”

‘बाईसाहेब’ म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला त्यांची दया आली, अगदी खरी.

मागणी रद्द करायचा अधिकार फक्त वाचकाला होता. “वाचकाच्या रकान्यात कुणी नाहीच मॅडम, मग रद्द कोण करणार?” इंजिनिअर म्हणाला. तो त्याच्या जागी बरोबर होता. नोंद पुसून टाकू म्हटलं, तर मागणी असलेली नोंद पुसता येत नाही. माझ्याकडे एकच वाट उरली होती.

जुनी, फाटकी, कुणी न वाचणारी पुस्तकं आम्ही वापरातून काढून टाकतो. आमच्याकडे त्याला निर्लेखन म्हणतात. निर्लेखित पुस्तकाला मुदत नसते. गेट त्याला अडवत नाही. मागणी त्यावर टिकत नाही. ते ग्रंथालयाचं राहतच नाही.

“याने ती सुटेल?” नवऱ्याने विचारलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा होता.

“सुटतील.”

“कायमची?”

“कायमची.”

पडद्यावर कारण विचारलं होतं. फाटलेले. दुबार प्रत. कालबाह्य. कोणतंही चाललं असतं. मी ‘कालबाह्य’ निवडलं. इतकी वर्षं टोमणे ऐकले होते, जाता जाता एक माझाही, असं मनात आलं. ताईंना ते दिसणारही नव्हतं. मी बटण दाबलं.

गेट गप्प राहिलं. ताई उंबरा ओलांडून पायऱ्यांवर गेल्या, उन्हात थांबल्या आणि चक्क हसल्या. गार्डने त्यांना सलाम केला. घरापर्यंत त्या भावाचा हात धरून चालल्या.

लग्नाच्या सकाळी पोस्टमास्तर ठरल्या वेळेआधी आले. दाढी गुळगुळीत, मांडीवर टोपी. मी चहा दिला. त्यांनी बशीत न सांडता प्यायला. आत मुलगी आत्याचे केस विंचरत होती आणि दुमडलेल्या पाळीवर बटा आणून बसवत होती. दोघींचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. कुठलं कोणाचं, ते कळत नव्हतं. शनिवार होता.

बेल वाजली.

दारात खाकी कपड्यांतला एक माणूस उभा होता. हातात कातडी मोजे, खांद्यावर रिकामं पोतं.

“एक नग उचलायचाय मॅडम.”

“चुकीच्या घरी आलात.”

“पत्ता हाच आलाय.” त्याने फोन बघितला. “रद्दी. कालबाह्य. एकच नग.”

तेव्हा मला आठवलं. निर्लेखनाची नोंद झाली की रद्दीच्या ठेकेदाराला आपोआप संदेश जातो. शनिवारी त्याची गाडी येते. पुस्तकं जागेवरच सोलून घेतात, कव्हरं आणि पुठ्ठे वेगळे काढतात, कारण कापणीच्या यंत्रात ते चालत नाहीत. मग पानं कापली जातात आणि त्यांचा लगदा होतो. हे सगळं मीच जोडलं होतं. कुणाला फोन करत बसायला लागू नये म्हणून.

“तो संदेश चुकून गेलाय,” मी म्हटलं. “मी रद्द करते. लगेच करते.”

“निर्लेखन रद्द होत नाही मॅडम,” तो सौजन्याने म्हणाला. “नियम तुमचाच आहे.”

मागे पावलं वाजली. ताई खोलीतून बाहेर आल्या होत्या. मोरपंखी पोशाख, वरपर्यंत लावलेली बटणं, चष्मा. पोस्टमास्तर टोपी सावरत उभे राहिले.

“निघायचं?” ताईंनी विचारलं.

“मी तयार आहे,” पोस्टमास्तर म्हणाले.

त्या त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

त्या माझ्या अंगावरून दारापर्यंत गेल्या. मी त्यांचा हात धरला. माझ्या मुठीत तो कोरडा, हलका लागला. मी घट्ट धरला असता तर फाटला असता. मी सोडला.

“इथेच जिन्यात कव्हर काढून घेतो,” तो माणूस म्हणाला. “घाण नाही होणार.”

दार त्यानेच ओढून घेतलं.

नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. दार अडकलं नव्हतं, कडी नव्हती, तरी आम्हा दोघांना ते उघडेना. बाहेरून एकच आवाज आला. शिवण उसवल्याचा. लांब, सावकाश.

मग दार उघडलं.

जिन्याच्या वळणावर मोरपंखी पोशाख पडला होता. सगळी बटणं लावलेली होती. वर चष्मा, काड्या मिटलेला.

खाली रस्त्यावर गाडी सुरू झाली आणि गेली. माझ्या फोनवर संदेश आला: माल मिळाला. धन्यवाद.

पोलीस आले, विचारून गेले. ठेकेदार म्हणाला, त्याची गाडी त्या दिवशी फक्त ग्रंथालयाच्या मागच्या दारी आली होती. नवरा माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत पोस्टमास्तर आमच्या खुर्चीत बसून होते. उठताना त्यांनी विचारलं, “चष्मा मी नेऊ का?” मी हो म्हटलं. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि वरच्या खिशात ठेवला.

कामावर गेल्या गेल्या मी ती नोंद उघडली. स्थिती: निर्लेखित. खालचा मागणीचा रकाना रिकामा होता. मी म्हटलं, निदान ती पीडा तरी टळली. खूप रडले मी त्या दिवशी, टेबलावर डोकं ठेवून. आणि खोटं कशाला बोलू, घरी आल्यावर मागची खोली मोकळी दिसली तेव्हा मला बरंही वाटलं. दुसऱ्याच दिवशी नवे पडदे लावले. मुलीची पुस्तकं नेऊन ठेवली, टेबल खिडकीशी ओढून दिलं.

आज दुपारी तिला दूध द्यायला गेले. दारातच थांबले. ती पाठमोरी बसली होती, खिडकीतलं ऊन टेबलावर होतं. मान वाकडी करून वाचत होती.

“आई,” ती मागे न बघता म्हणाली, “ओल्या हाताने नको ना गं लावूस.”

मी दारातच होते. दुधाचा पेला माझ्या दोन्ही हातांत होता.

तिने मानेमागून हात फिरवला, बोटं फ्रॉकला पुसली आणि पुन्हा वाचायला लागली. वाचता वाचता तिचा हात उजव्या कानाकडे गेला. नखाने तिने पाळी सरळ केली. ती पुन्हा दुमडली.